दुनळी रायफल आणि हाताने भरलेले काडतूस

काडतूस स्वतः भरणे हा अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आज शिकाऱ्यांचा आणि नेमबाजांचा एक छंद समजला जात असला, तरी बंदुकीच्या दीर्घ इतिहासात हाताने भरलेला बार हाच नियम होता आणि कारखान्यातून तयार होऊन आलेले काडतूस हा अलीकडचा अपवाद आहे. कोकणात व गोव्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्याने बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीत तो जुना नियम अजूनही पाहायला मिळतो. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर बोळा घालून ती गजाने ठासायची, मग छर्रे किंवा गोळी सोडून पुन्हा बोळा बसवायचा आणि शेवटी मागच्या बाजूला केप चढवायची, हा त्या बंदुकीचा क्रम; त्यात दारू किती आणि ठासणी किती घट्ट, याचा निवाडा बंदूक धरणाराच करतो. १८५७च्या उठावात कुप्रसिद्ध झालेले एन्फील्डचे काडतूस म्हणजे या निवाड्यातील एक भाग सैनिकाकडून काढून घेण्याचा प्रयत्न होता, कारण त्यात मोजलेली दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत बांधून दिलेली असे. १८६०च्या दशकात धातूची पुंगळी आली आणि ठिणगी पाडणारी टोपी, दारू व गोळी हे सर्व एका बंद वस्तूत सामावले, तेव्हा भरण्याचे काम बंदुकीच्या नळीतून निघून बाकावर आणि पुढे कारखान्यात गेले. मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी ब्रिटनमध्ये घडवलेल्या दुनळी रायफलींच्या बाबतीत मात्र ते पुढे पुन्हा घरच्या बाकावर परतले. हा परतीचा प्रवास काटकसरीपोटी घडला नाही. या रायफलींच्या रचनेतच त्याची कारणे आहेत.

काडतुसाचे घटक चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. यांपैकी गोळी आणि दारू यांच्याकडेच सामान्य माणसाचे लक्ष जाते, पण खरी करामत पुंगळीची असते. सुमारे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा मिश्रणाचे पितळ तिच्यासाठी वापरतात, कारण या पितळात ताणले जाण्याची आणि पुन्हा किंचित आकसण्याची अशी दुहेरी क्षमता असते. चाप ओढताच दारू पेटून वायू तयार होतो, त्याच्या दाबाने पुंगळीच्या भिंती फुगून रायफलीच्या कोठीला, म्हणजे काडतूस ज्या पोकळीत बसते त्या भागाला, चिकटतात आणि वायूला मागे, शिकाऱ्याच्या तोंडाकडे, येण्याची वाट बंद होते. गोळी बाहेर पडून दाब ओसरला की पितळ केसभर आकसते आणि रिकामी पुंगळी सुटून येते. म्हणजे पुंगळी ही नुसती डबी नसून दर बाराला मिटणारी झडप असते. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो; .४७० नायट्रो एक्सप्रेस (नावातला आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत) या जुन्या काडतुसासाठी मान्य असलेला कमाल दाब सुमारे २,७०० बार, तर .४५८ विंचेस्टर मॅग्नम या नंतरच्या काडतुसासाठी तो सुमारे ४,३०० बार आहे. एवढा दाब क्षणार्धात झेलून पुंगळी शाबूत राहते, आणि शाबूत राहते म्हणूनच ती पुन्हा भरता येते. चार घटकांपैकी जळून किंवा उडून न जाणारा घटक तेवढा एकच.

या विद्येत वजने ग्रेन या मापात सांगतात. ग्रेन म्हणजे मुळात जवाच्या दाण्याचे वजन, सुमारे ६५ मिलिग्रॅम. मराठी वाचकाला हे माप परके वाटण्याचे कारण नाही, कारण ब्रिटिश अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन नेमके १८० ग्रेन ठरवले गेले आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला जाऊ लागला. त्या हिशेबाने गुंज म्हणजे पावणेदोन ग्रेनांहून थोडी अधिक. हत्तीसाठी घडवलेल्या .६०० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे बरोबर पाच तोळे, पाच कलदार रुपयांच्या वजनाची; .५७७ची गोळी ७५० ग्रेनची, म्हणजे चार तोळे दोन मासे. .४७०च्या काडतुसातील ७५ ग्रेन कॉर्डाइट ही बिनधुराची दारू म्हणजे अवघ्या चाळीस गुंजा. सोनाराच्या तराजूत मावणाऱ्या या चाळीस गुंजा ५०० ग्रेनच्या, म्हणजे पावणेतीन तोळ्यांहून जड गोळीला सेकंदाला २,१५० फूट, सुमारे ६५५ मीटर, असा वेग देतात. दारू भरणाऱ्याचा काटाही म्हणूनच सोनाराच्या काट्याइतका नाजूक लागतो, आणि एकदा भरलेले काडतूस बाहेरून पाहून आत किती दारू आहे हे ओळखता येत नसल्याने या कामातील शिस्तही सोनाराच्या हिशेबासारखीच असावी लागते.

कॉर्डाइटच्या आधी काळी दारू होती. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक यांची ही दारू पेटली की निम्म्याहून अधिक भाग घनरूप राखेच्या आणि धुराच्या रूपाने उरतो, त्यामुळे गोळीचा वेग एका मर्यादेपुढे वाढत नाही. मोठे जनावर पाडायचे तर गोळीच मोठी करावी लागे. पाव पौंडाची शिशाची गोळी फेकणाऱ्या ‘चार बोअर’ बंदुका या मर्यादेतूनच जन्मल्या. काळ्या दारूच्या काळात लंडनचे कारागीर रायफलीच्या लाकडी पेटीत गोळ्या ओतण्याचा साचा आणि काडतूस भरण्याची हत्यारेही देत असत, म्हणजे भरणे हे मालकाचे नित्यकर्म गृहीत धरलेले होते. अमेरिकेच्या मैदानांवर १८७०च्या दशकात बायसनांची सरसकट कत्तल करणारे शिकारीही रात्री शेकोटीशी बसून शिसे वितळवत आणि दिवसभराच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि पाच वर्षांनी फ्रेडरिक एबल व जेम्स ड्युअर यांनी ब्रिटिश सरकारसाठी कॉर्डाइट तयार केले. अठ्ठावन्न टक्के नायट्रोग्लिसरीन, सदतीस टक्के गनकॉटन, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, आणि पाच टक्के व्हॅसलिन असे त्याचे मूळ मिश्रण होते. शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात ते मिळे म्हणून त्याचे नाव दोरी या अर्थाच्या शब्दावरून पडले. लष्कराच्या .३०३ काडतुसात तर या काड्यांची जुडी पुंगळीचा गळा अरुंद करण्यापूर्वीच आत ठेवावी लागे, आणि असे काम घरी करणे कोणालाही शक्य नव्हते. भरणे कारखान्याकडे गेले ते असे. निलगिरीत अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला कारखाना याच दारूसाठी होता आणि त्याचे नावच कॉर्डाइट फॅक्टरी असे आहे. पुण्याजवळ खडकीला लष्करी काडतुसांचा कारखाना त्याआधीच, १८६९ साली, निघालेला होता.

शिकारीच्या क्षेत्रात कॉर्डाइटचे युग सुरू झाले ते १८९८च्या सुमारास, जॉन रिग्बी यांच्या पेढीने सव्वातीन इंच लांबीच्या .४५० पुंगळीत ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी भरून .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले तेव्हापासून. आठ-दहा किलोंच्या जुन्या तोफसदृश बंदुकांचे काम पाच किलोंची दुनळी रायफल करू लागली आणि भारतातील व आफ्रिकेतील युरोपीय शिकाऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले. पण थोड्याच वर्षांत, १९०७च्या सुमारास, भारतात आणि सुदानात .४५० व्यासाच्या रायफली व त्यांची काडतुसे आणण्यास सरकारने मनाई केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यासही .४५० होता आणि अशा कितीतरी रायफली सरकारविरोधी टोळ्यांच्या हाती गेलेल्या होत्या. वास्तविक शिकारीचे लांबलचक काडतूस मार्टिनी-हेन्रीच्या कोठीत बसतच नाही. भीती होती ती कोणी गोळ्या उपसून काढून त्या मार्टिनीच्या पुंगळ्यांत भरील याची. म्हणजे साम्राज्याने धसका घेतला तो हाताने काडतूस भरणाऱ्याचा, आणि त्या धसक्यातून एक संपूर्ण पिढी नव्या काडतुसांची जन्मली. जोसेफ लँग यांचे .४७०, हॉलंड अँड हॉलंड यांचे .४६५, शिवाय .४७५ आणि .४७६, ही सगळी एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की त्यांच्यात जनावराला फरक कळणे अशक्य; ती केवळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी दोन-तीन शतांश इंचांनी मोठी केलेली होती. .४५०ची पुंगळी तोंडाशी आवळून .४०० केलेले .४५०/४०० हे काडतूस मनाईतून आपोआप सुटले आणि भारतात वाघाच्या शिकारीसाठी चांगलेच रुळले. जिम कॉर्बेट यांच्याजवळ जेफ्री यांनी घडवलेली याच काडतुसाची दुनळी होती.

भारताच्या हवेने या काडतुसांच्या रचनेवर आणखी एक परिणाम केला. दारू जितकी तापलेली तितकी ती वेगाने जळते आणि तितका दाब चढतो, आणि कॉर्डाइट या बाबतीत विशेष चंचल होते. इंग्लंडच्या थंडीत सौम्य वागणारे काडतूस मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात तापले की पुंगळी कोठीला इतकी घट्ट चिकटे की ती खेचून काढणारा आकडा निकामी व्हावा. समोर जखमी जनावर आणि हातात न उघडणारी रायफल, हा प्रसंग टाळण्यासाठीच कारागिरांनी पुंगळ्या प्रशस्त ठेवल्या, दाब मुद्दाम कमी राखला, काही काडतुसे उष्ण प्रदेशांसाठी कमी दारू घालून वेगळी विकली. रिग्बी यांचे १९११चे .४१६ आणि हॉलंड अँड हॉलंड यांचे १९१२चे .३७५ ही दोन काडतुसे दिसायला लठ्ठ किंवा निमुळती का आहेत, याचे उत्तर बऱ्याच अंशी या उन्हात सापडते.

दुनळी रायफलीचे खरे मर्म मात्र तिच्या दोन नळ्यांच्या जुळणीत आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून समांतर जोडल्या तर दोन्ही गोळ्या जवळजवळ पडतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. उजवी नळी रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळे तिचा बार उडताच रायफल वर आणि उजवीकडे झुकू लागते आणि गोळी नळीत असेपर्यंतच्या काळात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात, नळीचे तोंड मूळ जागेपासून हललेले असते. डाव्या नळीचे याच्या उलट. म्हणून कारागीर दोन्ही नळ्या तोंडाशी किंचित एकमेकींकडे वळवतो आणि मधल्या पाचरी सरकवत, डाखाचे शिसे-कथील पुन्हा पुन्हा तापवून सैल करत, प्रत्येक बदलानंतर गोळ्या झाडून पाहत राहतो; ठरलेल्या अंतरावर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका मुठीत मावू लागल्या की डाख थंड होऊ देतो. या कामाचा माणूस लंडनच्या पेढ्यांत वेगळाच असे आणि गणिताने न सुटणारे हे काम आजही झाडून पाहूनच करावे लागते.

या जुळणीचा अर्थ असा की दुनळी रायफल एका विशिष्ट काडतुसासाठी, त्यातही एका विशिष्ट वेगासाठी, घडवलेली असते. गोळी अपेक्षेपेक्षा संथ निघाली तर ती नळीत जास्त काळ राहते, नळी जास्त झुकते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे फाकते. गोळी अधिक वेगाने निघाली तर झुकायला वेळच मिळत नाही आणि दोन्ही गोळ्या एकमेकींना ओलांडून विरुद्ध बाजूंना पडतात. इतर रायफलींत काडतूस बदलले तर दुर्बिणीची किंवा माशीची थोडी फिरवाफिरव करून भागते, येथे त्या उपायाला जागाच नाही, कारण चूक नेमात नसून नळ्यांच्या सोयरिकीत असते. म्हणूनच या रायफलींच्या नळ्या उलट्या करून बुडाकडचा सपाट भाग पाहिला तर तेथे लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या मोहरेशेजारी कॉर्डाइट इतके ग्रेन, गोळी इतके ग्रेन असा मजकूर ठोकलेला आढळतो. .४७० असेल तर ७५ आणि ५००. स्वतःचे पथ्य अंगावर गोंदवून घेतलेले हत्यार क्वचितच असेल.

हे पथ्य पुरवणारा एकच मोठा स्वयंपाकी होता. जॉर्ज किनॉक यांनी १८६२ साली बर्मिंगहॅमजवळ विटन येथे काढलेला कारखाना पुढे आयसीआय या प्रचंड रासायनिक कंपनीत विलीन झाला, तरी किनॉक या नावाच्या पिवळ्या-लाल खोक्यांतून येणारी नायट्रो एक्सप्रेस काडतुसे जगभर जात राहिली. १९४७नंतर भारतातील ब्रिटिश गिऱ्हाईक गेले, आफ्रिकेतील वसाहती एकामागून एक स्वतंत्र झाल्या, मागणी आटली आणि १९६०च्या दशकात ही काडतुसे बनवणे कंपनीने गुंडाळले. हजारो रायफली, त्यांतल्या कित्येक कारागिरीच्या दृष्टीने अमोल, एकाएकी उपाशी पडल्या. उरलेली खोकी वाढत्या भावाने विकली गेली, जुन्या काडतुसांतील दारू आणि टोप्या वयाने बिघडू लागल्या, आणि रायफल चालती ठेवायची तर काडतूस स्वतःच भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

येथे पहिली अडचण टोपीची निघाली. टोपीचे दोन प्रकार १८६६च्या आसपास जवळजवळ एकाच वेळी पुढे आले: अमेरिकन हायरम बर्डन यांच्या प्रकारात टोपीतील स्फोटक ज्यावर आपटते ती ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि आगीला जायला दोन बारीक भोके असतात, ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या प्रकारात ऐरण टोपीतच असते आणि भोक एकच, मधोमध असते. बॉक्सरची जळकी टोपी आतून एक सुई ढकलून सहज पाडता येते, बर्डनची पाडता येत नाही. गंमत अशी की अमेरिकन बर्डन युरोपात स्वीकारला गेला आणि ब्रिटिश बॉक्सर अमेरिकेत. अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या भरल्या जाऊ लागल्या आणि ब्रिटनमध्ये शिकाऱ्याला खोक्याची सवय लागली, त्यात या अदलाबदलीचाही मोठा वाटा आहे. किनॉकच्या पुंगळ्या अर्थातच बर्डन पद्धतीच्या होत्या, शिवाय जुन्या टोप्यांतील पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ झालेले असे. म्हणजे हाती असलेल्या रिकाम्या पुंगळ्याही फारशा उपयोगाच्या नव्हत्या. पुढे अमेरिकेत जिम बेल यांनी बॉक्सर पद्धतीच्या नव्या पुंगळ्या घडवायला सुरुवात केली आणि ऑस्ट्रेलियात जेफ मॅक्डॉनल्ड यांच्या वुडली या छोट्या कारखान्याने जुन्याच वजनाच्या आणि जुन्याच गोलसर नाकाच्या गोळ्या पुन्हा घडवल्या, तेव्हा कुठे या उपाशी रायफलींना आशा वाटू लागली.

पुंगळी, टोपी आणि गोळी मिळाली तरी दारूचा प्रश्न उरतोच, आणि तो सर्वांत अवघड आहे. कॉर्डाइट सामान्य ग्राहकाला मिळत नाही; त्याच्या जागी बारीक नळकांड्यांच्या आकाराची, गनकॉटनवर आधारलेली आधुनिक दारू वापरावी लागते. तिची जळण्याची गती, तिची घनता आणि तिचा दाब चढण्याचा आलेख, सगळेच कॉर्डाइटहून वेगळे असल्यामुळे नळीवर ठोकलेला ७५ हा आकडा तिला लावणे म्हणजे भाताच्या मापाने मीठ घालणे होय. भरणाऱ्याला अशी दारू आणि असे प्रमाण शोधायचे असते की दाब जुन्या मर्यादेत राहील, वेग मात्र बरोबर जुनाच येईल. वेगवान दारू थोडी घातली तर वेग जमतो, पण दाब एकदम उसळतो. संथ दारू दाब सौम्य ठेवते, पण ती खूप लागते आणि प्रशस्त पुंगळीतही कधी मावते, कधी मावत नाही. पुंगळी अर्धवट भरलेली राहिली तर आणखी एक संकट असते: आडव्या धरलेल्या रायफलीत दारू पुंगळीच्या पोटाशी पसरते आणि टोपीची ठिणगी तिच्यावरून निसटते, त्यामुळे एकाच मापाचे दोन बार वेगवेगळे वागतात, आणि फार संथ दारूचे फार कमी प्रमाण घेतले तर कधीकधी दाब अनपेक्षितपणे भडकतो. दारू टोपीजवळ दाबून धरण्यासाठी वर फोमची चकती किंवा सावरीच्या कापसासारखा हलका तंतू भरण्याची पद्धत त्यातूनच आली. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम राइट यांनी कित्येक ब्रिटिश दुनळींवर असे प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले, आणि एरवी घराण्याच्या गायकीसारखी कानोकान चालणारी ही माहिती प्रथमच तपासता येण्याजोगी झाली.

दाब डोळ्यांना दिसत नाही, हीच या विद्येतील कायमची अडचण होय. जास्त दाबाच्या आधुनिक रायफलीत काडतूस भरणारे काही खुणांवर भिस्त ठेवतात: टोपी चपटी झाली, पुंगळी काढताना जड गेली, तिच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, की मर्यादा जवळ आली असे ते समजतात. दुनळीच्या बाबतीत ही सगळी पंचांगे खोटी ठरतात, कारण पितळ या खुणा दाखवू लागते ते चार हजार बारच्या आसपास, आणि मोडून उघडणाऱ्या शंभर वर्षांच्या रायफलीची सहनशक्ती त्याच्या बरीच आधी संपलेली असते. खूण दिसेपर्यंत बिजागरी ढिली झालेली असायची. म्हणून जाणते लोक पुंगळीकडे न पाहता वेगाकडे पाहतात. गोळीचा वेग मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे पूर्वी केवळ प्रयोगशाळांत असत. ती हौशी माणसाच्या आवाक्यात आली तेव्हा दुनळीचे पुनर्भरण खऱ्या अर्थाने सुरक्षित झाले. छापील तक्त्यातील सर्वांत खालच्या प्रमाणापासून आरंभ करायचा, यंत्रावर वेग पाहायचा आणि लक्ष्यावर दोन्ही नळ्यांच्या खुणा पाहायच्या: गोळ्या फाकत असतील तर वेग कमी, ओलांडत असतील तर जास्त, आणि शेजारी शेजारी पडू लागल्या की थांबायचे. रायफलच आपले माप सांगते, फक्त तिची भाषा कळावी लागते.

बाकीचे काम कष्टाचे असले तरी गुंतागुंतीचे नाही. झाडलेली पुंगळी धुऊन पुसून तेलकट करायची आणि तरफेच्या यंत्राने पोलादी साच्यात दाबून तिला मूळ आकार द्यायचा. ताणून लांबलेले तोंड कापून सारखे करायचे. काही फेऱ्यांनंतर कडक झालेला गळा तापवून नरम करायचा, नाहीतर तो चिरतो. मग नवी टोपी, तोललेली दारू आणि शेवटी गोळी. मोठ्या व्यासाच्या काडतुसांत पुंगळीचे तोंड गोळीवर आवळून घेण्याला विशेष महत्त्व आहे, कारण एका बाराचा धक्का एवढा असतो की साठवणीच्या पेटीतील किंवा दुसऱ्या नळीतील काडतुसाची गोळी त्या हिसक्याने आत सरकू शकते किंवा बाहेर निसटू शकते.

कारखान्याचे काडतूस नेहमीच अचूक आणि घरचे नेहमी संशयास्पद, ही समजूत मात्र .४५८ विंचेस्टर मॅग्नमच्या कहाणीने बरीच सैल केली. महागड्या दुनळीऐवजी साध्या खटक्याच्या रायफलीतून तेवढेच बळ मिळावे म्हणून १९५६ साली आणलेल्या या काडतुसाची पुंगळी अवघी अडीच इंचांची होती. एवढ्या जागेत ठरलेला वेग गाठण्यासाठी दारू दाबून भरावी लागली. दीर्घ काळ आणि उष्ण हवेत पडून राहिलेल्या काडतुसांत तिची ढेप बनू लागली, ती नीट पेटेना, आणि हत्ती किंवा रानरेडा यांच्यासमोर गोळी अपुरी शिरल्याच्या तक्रारी आफ्रिकेतून येऊ लागल्या. योग्य दारू निवडून हाताने भरलेली .४५८ काडतुसे याच काळात कारखान्याच्या काडतुसांपेक्षा अधिक भरवशाची ठरली. १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याच्या हल्ल्यात जबर जखमी झालेल्या जॅक लॉट यांनी पुढे .३७५ची पुंगळी सरळ फुलवून व २.८ इंचांवर कापून .४५८ लॉट हे काडतूस १९७१ साली रचले, तेव्हा ते पूर्णपणे हाताने भरणाऱ्यांचे काडतूस होते. कारखान्यांनी ते उचलायला जवळजवळ दोन दशके घेतली. लॉटच्या कोठीत गरज पडल्यास आखूड .४५८ काडतूसही झाडता येते, ही त्यांची सोय मोठी व्यवहारी म्हटली पाहिजे, कारण आफ्रिकेच्या आडरानात हाताने भरलेली काडतुसे हरवली तर दुकानात मिळेल ते जुनेच असणार. जॉन नॉस्लर यांची दुभाजित गोळीही अशाच असमाधानातून निघाली. १९४६ साली एका मूसवर, म्हणजे उत्तर अमेरिकेतील प्रचंड सांबरसदृश प्राण्यावर, झाडलेल्या गोळ्या कातडीखालीच फुटून गेल्यावर त्यांनी मध्ये तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी घडवली: पुढचा अर्धा फुलावा आणि मागचा अर्धा अखंड राहून खोल जावा, अशी ती योजना होती.

भारतात या विद्येला आज व्यवहारात स्थान नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार काडतूस तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मोठ्या जनावरांची शिकार हा विषयच संपला. संस्थानिकांनी हौसेने मागवलेल्या ब्रिटिश दुनळी त्यामुळे शस्त्रागारांत, वारसांच्या कपाटांत आणि संग्रहालयांत स्थिरावल्या.

आफ्रिकेतील काही देशांत शिकार परवान्याने चालते, तेथे आणि अमेरिकेत मागणी पुन्हा वाढल्यावर किनॉक हे नाव इंग्लंडमध्ये पुन्हा काडतुसांवर छापले जाऊ लागले, आणि अमेरिकेतील हॉर्नाडी या कंपनीने .४५०/४०० व .४७० अशी जुनी काडतुसे नव्या दारूने भरून बाजारात आणली. या नव्या खोक्यांवरील वेगाचा आकडा पाहिला तर .४७०साठी तो सेकंदाला २,१५० फूट असाच आढळतो. नव्या दारूला याहून पुढे जाणे अवघड नव्हते, पण वेग वाढवला असता तर जुन्या रायफलींच्या गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्या असत्या. आणि आज नव्याने घडणाऱ्या दुनळींच्या नळ्या याच काडतुसांवर झाडून पाहून जुळवल्या जातात, त्यामुळे ज्यांच्या कोठीत कॉर्डाइटची एकही काडी कधी जळलेली नाही अशा रायफलीही त्या चाळीस गुंजांनी ठरवून दिलेल्या वेगालाच बांधलेल्या असतात.